प्रेक्षकांसमोर सिटकॉम चित्रित करायचा असेल तर: 'आय लव्ह लूसी'च्या सेटवरून घ्यायचे धडे

एकांकिका करून तयार झालेली मुलं कॅमेऱ्याकडे वळली की सगळ्यात आधी प्रेक्षकांना बाजूला काढतात. मग एकच कॅमेरा, एकेक वाक्य सुटं, 'कट', पुन्हा लाईट, पुन्हा तेच वाक्य. ज्या वाक्याला सभागृह दणाणून गेलं होतं, ते पडद्यावर मलूल पडतं. यात नटाचा दोष नसतो. समोर हसणारं माणूसच नसेल, तर किती थांबायचं आणि पुढचं वाक्य कधी टाकायचं हे त्याला कळणार कसं?

या अडचणीवर हॉलिवूडमध्ये १९५१ साली जो मार्ग निघाला, त्यावर अमेरिकन सिटकॉम, म्हणजे तीच पात्रं घेऊन भागाभागांनी चालणाऱ्या विनोदी टीव्ही मालिका, पुढची कित्येक दशकं उभे राहिले. मी कॅमेरा आणि एडिट ही दोन्ही कामं करतो आणि नव्या गटाबरोबर बसलो की दर वेळी 'आय लव्ह लूसी' या त्याच काळातल्या अमेरिकन मालिकेपासूनच सुरुवात करतो. नाटकवाल्यांना ही पद्धत चटकन उमगते. ते नाटकच आहे, फक्त रंगमंच आणि पहिली रांग यांच्यामध्ये तीन कॅमेरे फिरतात. तुमच्या गटाला दहा-बारा मिनिटांचा एखादा भाग असा करून पाहायचा असेल, तर क्रमाने काय काय करावं लागेल ते इथे सांगतो.

हे असं का घडलं

त्या काळी अमेरिकेतले बरेच मोठे कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रक्षेपित होत. दुसऱ्या, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर दाखवण्यासाठी मॉनिटरच्या पडद्यावरून फिल्मवर उतरवलेली प्रत वापरत. तिला किनेस्कोप म्हणत, आणि ती धूसर दिसे. मालिकेत लूसी झालेली लूसील बॉल आणि तिचा नवरा (मालिकेतही नवराच) देसी आर्नाझ यांना लॉस एंजेलिस सोडायचं नव्हतं. प्रायोजक होती फिलिप मॉरिस ही सिगारेट कंपनी. लॉस एंजेलिसहून थेट प्रक्षेपण केलं तर पूर्वेकडच्या दाट वस्तीच्या शहरांत धूसर प्रत दिसणार, हे तिला मान्य नव्हतं. शेवटी ठरलं की चित्रण ३५ मिमी फिल्मवर करायचं, पण प्रेक्षक समोर बसवूनच. लूसी त्याआधी प्रेक्षकांसमोर सादर होणारी रेडिओ मालिका करत होती, आणि माणसं समोर असली की तिचं काम किती फुलतं हे निर्माता जेस ऑपनहायमर याने जवळून पाहिलं होतं.

खर्च वाढला, तेव्हा नवरा-बायकोने आपलं मानधन कमी करून घेतलं आणि बदल्यात फिल्मची मालकी मागून घेतली. मालिका १५ ऑक्टोबर १९५१ ला सुरू झाली, मे १९५७ पर्यंत चालली, १८० भाग झाले. ते भाग पुन्हा पुन्हा दाखवता आले ते फिल्ममुळेच. म्हणून माझी पहिली सूचना कॅमेऱ्याची नाही, कागदाची आहे. चित्रणाची मालकी कोणाची, हे गटाने पहिल्याच दिवशी लिहून सह्या करून ठेवावं. मैत्रीखातर हा विषय नेमका राहून जातो.

संहितेत हालचाल लिहा

मॅडलिन प्यू आणि बॉब कॅरोल ज्युनियर ही लेखकजोडी ऑपनहायमरबरोबर ही मालिका लिहायची. लूसीने शरीराने करायच्या करामती ते संवादांइतक्याच तपशिलात आणि सगळ्या मोठ्या अक्षरांत टाइप करत. पानावर तो भाग गडद दिसे, म्हणून त्याला 'ब्लॅक स्टफ' हे नाव पडलं. आपल्या लिपीत मोठी अक्षरं नसतात, तेव्हा हालचालीचा मजकूर ठळक टाइपात घ्या किंवा चौकटीत टाका. 'इथे ती गोंधळ घालते' असं लिहून भागणार नाही. कोणत्या हातात काय आहे, दार कुठल्या बाजूला उघडतं, तिसऱ्यांदा वाकताना काय खाली पडतं, असं सगळं यायला हवं. कॅमेरामन हीच चौकट वाचून जागा ठरवणार असतो.

दुसरं म्हणजे, लिहिलेली करामत लेखकाने आधी स्वतः करून पाहावी. मॅडलिन प्यू तेच करायची. एकदा एकचाकी सायकलचा प्रसंग सुचला. ती स्वतः चढली, थेट भिंतीवर जाऊन आदळली, आणि तो प्रसंग तिथेच रद्द झाला. तुमच्या संहितेत कोणी स्टुलावर चढत असेल, तर लिहिणाऱ्याने आधी त्याच स्टुलावर चढून यावं.

पहिल्या प्रयत्नात दोन ठिकाणं आणि चार-पाच पात्रं पुरेत. लूसीचं जगही मुख्यतः तिचा दिवाणखाना, स्वयंपाकघर, झोपायची खोली आणि नवऱ्याचा क्लब एवढंच होतं. बाकीचे सेट गरजेपुरते उभे राहत.

जागा

चित्रपटाच्या स्टुडिओत प्रेक्षक बसवायची सोयच नसते. लूसीसाठी हॉलिवूडच्या जनरल सर्व्हिस स्टुडिओचा एक फ्लोअर घेऊन तिथे सुमारे ३०० माणसांची बैठक बांधली आणि प्रेक्षकांसाठी रस्त्याच्या बाजूला वेगळं दार पाडलं.

तुम्हाला ५०-६० खुर्च्यांचं सभागृह पुरेल. रंगमंच उंच असेल तर तो सोडून द्या आणि सेट जमिनीवरच लावा, कारण कॅमेरे आणि नट एका पातळीवर हवेत. खुर्च्यांची मागची रांग मात्र उंचावर घ्या, नाहीतर मागच्यांना कॅमेरामनच्या पाठीच दिसतील. सेट एकापुढे एक न लावता शेजारी-शेजारी लावा: डावीकडे स्वयंपाकघर, मध्ये दिवाणखाना. सेटच्या पुढे कॅमेऱ्यांसाठी किमान दहा-बारा फुटांची मोकळी पट्टी ठेवा. ती गुळगुळीत हवी. जाजम असेल तर काढून टाका, त्यावर कॅमेऱ्याची चाकं अडखळतात.

बाहेर पडायची दारं आदल्या दिवशी स्वतःच्या हाताने उघडून पाहा. एका भाड्याच्या सभागृहात रंगीत तालमीच्या वेळी आम्ही मागचं दार उघडायला गेलो, तर त्याला बाहेरून कुलूप होतं आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. सेटवर इतके दिवे, वायरी, पडदे, आणि माणसांना बाहेर जायला एकच वाट! किल्ली सापडेपर्यंत आम्ही काम सुरू केलं नाही. तुम्हीही करू नका.

तालीम आधी, कॅमेरे नंतर

लूसीच्या सेटवर सुरुवातीच्या काळात चित्रण शुक्रवारी रात्री आठला असे. कलाकारांची तालीम आठवड्याच्या आरंभीच सुरू व्हायची, आधी टेबलाभोवती वाचन, मग उभं राहून हालचाली. कॅमेऱ्याची फौज मात्र शेवटच्या दोन दिवसांतच यायची. हा क्रम मोडू नका. पहिल्या दिवसापासून कॅमेरा समोर असला की नट लेन्सला शोधायला लागतो आणि समोरच्या नटाला विसरतो.

माझा सल्ला असा: पाच दिवस ठेवा. दोन दिवस वाचन आणि हालचाल. तिसऱ्या दिवशी खऱ्या प्रॉपर्टीसह तालीम, कारण कपबशी हातात आली की प्रत्येक वाक्याची लय बदलते. चौथ्या दिवशी कॅमेरे आणि लाईट. पाचव्या दिवशी दुपारी रंगीत तालीम आणि संध्याकाळी प्रयोग.

तीन कॅमेरे

नवख्यांचा गोंधळ सगळ्यात जास्त इथेच होतो, म्हणून जरा थांबून समजून घेऊ.

मधला कॅमेरा सगळा प्रवेश दाखवतो. नट आत येतात, बाहेर जातात, खोलीभर धावतात, ते याच्याकडे. बाजूचे दोन कॅमेरे जवळचे चेहरे घेतात. मात्र डावीकडच्या कॅमेऱ्याने डावीकडचा नट घ्यायचा नसतो. स्वयंपाकघराच्या टेबलाशी प्रेक्षकांच्या डाव्या हाताला लूसी बसली आहे आणि उजव्या हाताला तिची शेजारीण एथेल. दोघी एकमेकींकडे बघून बोलताहेत, म्हणजे एथेलचा चेहरा डावीकडे वळलेला. मग तो पूर्ण कोणाला दिसेल? डावीकडच्या कॅमेऱ्याला. तसाच लूसीचा चेहरा उजवीकडच्याला. बाजूचे कॅमेरे असे तिरके, एकमेकांच्या नजरा छेदत बघतात. तुमच्या मुलांना दोन खुर्च्या आणि दोन मोबाईल घेऊन हे एकदा करून दाखवा, पाच मिनिटांत डोक्यात बसतं.

तिन्ही कॅमेरे सेटच्या एकाच बाजूला, म्हणजे प्रेक्षकांच्या बाजूला राहतात. त्यामुळे एडिटमध्ये कोणीही अचानक उलट्या दिशेला बघताना दिसत नाही. कॅमेरा घेऊन सेटच्या आत शिरायचा मोह होईल, तो टाळा. आत गेलेला कॅमेरा दुसऱ्याच्या चौकटीत येतो आणि प्रेक्षकांच्या आड उभा राहतो तो वेगळाच.

आता खुणा. लूसीच्या फ्लोअरवर प्रत्येक कॅमेऱ्याच्या जागा जमिनीवर आखलेल्या असत. कॅमेरे चाकांच्या डॉलीवर, ढकलणारी माणसं वेगळी, आणि पुढे कुठे सरकायचं ते त्यांना कानातल्या हेडफोनवरून सांगितलं जाई. तुम्ही तीन रंगांच्या चिकटपट्ट्या घ्या. मधल्याला पांढरी, डाव्याला लाल, उजव्याला निळी. प्रत्येक जागेला आकडा द्या. मग प्रत्येक कॅमेरामनसाठी एक चिठ्ठी तयार करा: 'दार वाजतं, लाल ३, एथेलचा चेहरा' अशा ओळींची. ही चिठ्ठी कॅमेऱ्याच्या मागे चिकटवा. नटांच्या जागांच्या खुणा वेगळ्या रंगात आणि लहान करा, मधल्या कॅमेऱ्याला जमीन दिसत असते.

तिन्ही कॅमेरे पूर्ण वेळ चालू ठेवायचे. लूसीचे कॅमेरेही प्रवेशभर एकदम चालत आणि कोणता तुकडा कोणाचा हे नंतर एडिटमध्ये ठरे. तेव्हा १००० फुटांचं रीळ ११ मिनिटांत संपायचं, आता कार्ड मोठी आहेत. तरी काही कॅमेरे अर्ध्या तासाच्या आतच आपणहून रेकॉर्डिंग बंद करतात, तुमचा तसा आहे का ते आधी तपासा. तिन्हींची फ्रेम रेट २५, शटर १/५० आणि व्हाईट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा म्हणूनची सेटिंग) हाताने एकाच आकड्यावर ठेवा. ऑटोवर ठेवलात तर एकाच चेहऱ्याचे तीन रंग मिळतील, आणि ते जुळवताना एडिटरचे आठ दिवस जातील.

लाईट

लूसीच्या छायाचित्रणाची जबाबदारी कार्ल फ्रॉइंडकडे होती. जर्मनीत 'मेट्रोपोलिस' (१९२७) चित्रित करणारा, 'द गुड अर्थ' (१९३७) साठी ऑस्कर मिळवलेला हा माणूस. चित्रपटात एकेका शॉटसाठी दिवे हलवायचे असतात. इथे तीन कॅमेरे एकदम फिरणार, मग जमिनीवर दिवा ठेवायचा कुठे? फ्रॉइंडने दिवे वर टांगले, उजेड सगळीकडे सारखा आणि सौम्य पसरवला, आणि चेहऱ्यावरच्या सावल्या भरून काढायला कॅमेऱ्यांवर लहान दिवे बसवले. टीव्हीच्या प्रक्षेपणात काळं जास्त काळं आणि पांढरं जास्त पांढरं होत असे, म्हणून सेट करड्या छटांतच रंगवून घेतला.

तुम्हाला सहा-आठ एलईडी पॅनल पुरतील. ते वरच्या पाइपला बांधा, पुढे पांढरं पातळ कापड किंवा डिफ्युजर लावा. प्रत्येक बांधलेल्या दिव्याला सुरक्षेची साखळी हवीच. नटांना झगझगीत पांढरे शर्ट आणि बारीक रेघांचे कपडे देऊ नका, बारीक रेघा पडद्यावर लवलवतात. नाट्यमय सावल्यांचा मोह मलाही होतो, पण विनोदात भुवई कुठे उचलली हे दिसणं जास्त महत्त्वाचं असतं.

आवाज

नटांसाठी वरून बूम (लांब काठीला लावलेला माईक), शक्य असेल तर जोडीला लेपल (कपड्याला लावायचा छोटा माईक). प्रेक्षकांसाठी त्यांच्या डोक्यावर दोन माईक टांगा आणि ते वेगळ्या ट्रॅकवर घ्या. हे दोन माईक विसरलात तर सगळा खटाटोप वाया जाईल. लूसीच्या प्रेक्षकांत तिची आई डीडी नेहमी बसलेली असे. मुलगी संकटात सापडणार असं दिसलं की तिच्या तोंडून निघणारं 'अं-ओ' त्या ध्वनिपट्टीवर आजही ऐकू येतं. प्रयोगाच्या वेळी छताचे पंखे बंद ठेवा. उकडेल, म्हणून प्रवेशांच्या मध्ये चालू करा.

प्रयोगाची संध्याकाळ

प्रेक्षक आले की लगेच सुरुवात करू नका. लूसीच्या सेटवर देसी आर्नाझ स्वतः पुढे येऊन लोकांशी गप्पा मारायचा, चित्रण कसं होणार ते सांगायचा आणि कलाकारांची ओळख करून द्यायचा. तुमच्यातलाही कोणी बोलका माणूस दहा मिनिटं उभा करा. त्याने तीन गोष्टी सांगाव्यात: कॅमेरे मध्ये मध्ये आड येतील, हसू आलं तर मोकळेपणाने हसा, पण नुसतं आम्हाला बरं वाटावं म्हणून हसू नका, आणि मोबाईल बंद.

प्रवेश गोष्टीच्या क्रमानेच करा. आधी शेवटचा प्रवेश उरकला तर प्रेक्षकांना गोष्टच कळणार नाही. एखादा शब्द अडखळला, कप जरा वेगळ्या जागी ठेवला गेला, तर थांबू नका. नाटकात जसं सांभाळून नेतो तसं न्या. थांबायचं ते फक्त कोणाला इजा होणार असेल तर, किंवा गोष्टीचा धागाच तुटला असेल तर. राहिलेले तुकडे प्रेक्षक गेल्यावर घ्या. तोच विनोद लोकांना दुसऱ्यांदा ऐकवला की हशा निम्म्यावर येतो. पुढच्या काळात 'फ्रेंड्स'सारख्या मालिकांचे लेखक फ्लोअरवरच उभे असत आणि पडलेल्या विनोदाच्या जागी तिथल्या तिथे नवं वाक्य देत. तुमच्या लेखकालाही त्या संध्याकाळी कोपऱ्यात वही घेऊन उभं करा, हातात दोन-तीन पर्यायी वाक्यं तयार असू द्या.

नटांसाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हशाला जागा देणं. हशा चढत असताना बोललात तर वाक्य बुडतं, पूर्ण विरल्यावर बोललात तर खड्डा पडतो. ओसरायला लागला की उचलायचं. आणि त्या थांबलेल्या वेळात नटाने निर्जीव उभं राहायचं नाही, भूमिकेतच काहीतरी चालू ठेवायचं.

याचा माझ्या लेखी सर्वोत्तम नमुना ११ मार्च १९५७ ला प्रक्षेपित झालेल्या भागात आहे. लूसीने नवऱ्यापासून लपवायची म्हणून अंडी सदऱ्याच्या आत भरलेली, आणि नेमका तेव्हाच नवरा टँगो नाचाची तालीम करू म्हणतो. तालमीत खरी अंडी वापरलीच नव्हती, म्हणजे अंगावर अंडं फुटल्याचा पहिला अनुभव तिला थेट प्रेक्षकांसमोरच आला. नाचता नाचता तो तिला छातीशी ओढतो आणि अंडी फुटतात. पुढे हशा चालू राहिला तो ६५ सेकंद. त्या वेळात ती काय करते ते बघा. पळत नाही, ओरडत नाही, नुसती उभी राहते आणि आत काहीतरी ओघळतंय हे चेहऱ्यावर हळूहळू येऊ देते. जी गोष्ट नटाला खरोखर चकित करणार असेल ती तालमीत वाया घालवू नका, हे मी तिथूनच घेतलं. मात्र ती सुरक्षित आहे याची खात्री आधी दुसऱ्या कोणावर तरी करून घ्या.

खाण्यापिण्याची प्रॉपर्टी नटाला विचारून निवडा. टॉनिकची जाहिरात करता करता लूसी झिंगते त्या गाजलेल्या प्रसंगात (५ मे १९५२) बाटलीत सफरचंदाचं पेक्टिन (फळातला घट्टसर द्रव) होतं. चमच्यामागून चमचा घ्यायचा असताना नटाला गिळवेल असंच काहीतरी हवं. आपल्याकडे गुळाचं पातळ पाणी किंवा कोकम सरबत चालतं.

एडिट

तीन कॅमेऱ्यांची फिल्म एकदम बघायला तेव्हा साधनच नव्हतं. लूसीचा एडिटर डॅन कॅन याच्यासाठी तीन चित्रांची आणि एका आवाजाची अशी खास मूव्हिओला (फिल्म बघत बघत कापायचं यंत्र) आली. तिला ते 'तीन डोक्यांचा राक्षस' म्हणत. आज ते काम कोणत्याही एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मल्टिकॅम (अनेक कॅमेऱ्यांचं चित्रण एकत्र दाखवणाऱ्या) टाइमलाइनवर होतं, पण ताळमेळाची खूण तुम्हालाच द्यायची असते. प्रत्येक प्रवेशाच्या सुरुवातीला तिन्ही कॅमेऱ्यांना दिसेल असा क्लॅप (टाळी) द्या, आणि शेवटीही एक द्या. मध्ये एखादा कॅमेरा बंद पडला असेल तर शेवटचा क्लॅप तुम्हाला वाचवतो.

कापताना आधी फक्त प्रेक्षकांचा ट्रॅक ऐका आणि हशे कुठे आले त्याच्या खुणा करा. वाक्य ज्याने टाकलं त्याच्यावर हशा सुरू होऊ द्या, मग ज्याच्यावर ते लागलं त्याच्या चेहऱ्यावर जा. मालिकेत एथेल आणि तिचा नवरा फ्रेड झालेल्या व्हिव्हियन व्हॅन्स आणि विल्यम फ्रॉलीचे नुसते बघण्याचे शॉट पाहा, निम्मा विनोद तिथे आहे. शारीरिक करामत असेल तेव्हा मात्र मधल्या कॅमेऱ्यावरच राहा. माणूस पडतो तेव्हा पाय दिसले पाहिजेत.

हशा फार लांबला तर चढण ठेवा, उतार ठेवा आणि मधलं काढा. ती जोडणी दुसऱ्या नटाच्या चेहऱ्याखाली झाकते. अंड्यांचा तो ६५ सेकंदांचा हशाही प्रक्षेपणासाठी कापावाच लागला होता. विनोद पडला असेल तर त्यावर साठवणीतला हशा चिकटवू नका. १९५० च्या दशकात चार्ली डग्लसने त्यासाठी यंत्रच बनवलं आणि ते कित्येक मालिकांवर चाललं, पण नव्या गटाने त्या वाटेला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. पडलेला विनोद कापा. आठ मिनिटंच उरली तर आठ मिनिटांचा भाग करा.

पहिली जोडणी झाली की प्रयोगाला न आलेल्या पाच-सहा जणांना घरी बोलावून ती दाखवा. तुम्ही स्वतः पडद्याच्या बाजूला, त्यांच्याकडे तोंड करून बसा. ते कुठे मोबाईलकडे वळतात त्याची वेळ वहीत टिपून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी कापायला तिथूनच सुरुवात करा.